शेरा लिहिण्याआधी

अगं, सोमवारपासून तुझा स्वतःचा वर्ग. पहिलीच नेमणूक, तीही चौथीवर. हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, फळ्यावरचं अक्षर हे सगळं तू महिन्याभरात शिकशील, त्याला मावशी लागत नाही. मी तुला एकच गोष्ट देणार आहे, जी कळायला माझी निम्मी नोकरी गेली. माणसाबद्दल मनात विशेषण उमटलं की ते खोडायचं आणि त्या जागी क्रियापद लिहायचं. दुसऱ्याबद्दल तसं, आणि स्वतःबद्दलही तसंच.

हे मला एका कोऱ्या रकान्याने शिकवलं. पूर्वी प्रगतिपुस्तकात शेऱ्याला बोटभर जागा असायची. ‘बरा’, ‘समाधानकारक’, ‘आळशी, लक्ष नाही’. अशा शेऱ्यांनी मी कितीतरी पुस्तकं भरली. मग 2010 साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची झाली. आम्ही सगळ्यांनीच कुरकुर केली. आमच्या गावाशेजारी साखर कारखाना होता. गळीत हंगाम सुरू झाला की ओढ्याकाठी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडायच्या आणि दिवाळीनंतर त्यांची मुलं शाळेत यायची. त्यातला एक मुलगा माझ्या वर्गात मागे बसायचा आणि झोपायचा. तो आळशी आहे, हे माझं पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं होतं. फेब्रुवारीत नोंदी लिहायला बसले तेव्हा ‘आळशी’ लिहून भागणार नव्हतं. तो काय करतो, त्याला काय येतं, ते लिहायचं होतं. मला एक वाक्य सुचेना. तीन महिने मूल समोर बसलेलं आणि माझ्याजवळ त्याच्याबद्दल फक्त एक शब्द.

मग आठवडाभर मी नुसतं पाहिलं. सकाळी तो टक्क जागा असे. मधल्या सुट्टीत निम्मी खिचडी डब्यात घेऊन कोपीवर पळे, धाकट्या बहिणीला भरवून परत येई आणि मग झोपे. तोंडी हिशेबात वर्गात त्याचा हात पहिला वर, कारण उसाच्या मोळ्या मोजून मोजून आकडे त्याच्या जिभेवर होते. पहाटे आईबाप फडावर निघाले की बहिणीसाठी तोही उठतो, हे त्यानेच सांगितलं, मी विचारल्यावर. तोवर मी विचारलंच नव्हतं. आळशी म्हटल्यावर विचारायला काही उरतच नाही. ‘झोपतो’ म्हटलं की कधी, किती वेळ, कशानंतर, असे प्रश्न आपोआप मागे येतात.

दर वेळी असं काळीज हलवणारं कारण सापडेल, अशा समजुतीत मात्र राहू नकोस. एखादं पोर नुसतंच टाळाटाळ करत असतं. तिथेही ‘तीन दिवस गृहपाठ आणला नाही’ एवढंच लिही. कारण कळलं नाही तर ती जागा कोरी ठेव, अंदाजाने भरू नकोस.

शाळेत गेल्या गेल्या तुला लोक मायेने सावध करतील. हा वांड आहे, ती ढ आहे, त्या मुलाचा बाप भांडखोर. ऐकून घे, मान डोलव, पण पहिले पंधरा दिवस त्यातलं काही मनाच्या वहीत उतरवू नकोस. अमेरिकेतल्या रॉबर्ट रोझेन्थल आणि लिनोर जेकबसन यांचा 1968 साली पुस्तकरूपाने आलेला एक अभ्यास आहे. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, चाचणीवरून दिसतंय की ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काढलेली होती. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेला निघाला. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, परिणाम केवढा मोठा यावर एकमत नाही. पण ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्या उत्तरासाठी आपण दोन क्षण जास्त थांबतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय. ‘ढ’ ठरलेल्याकडे थांबायचंच राहून जातं.

चांगलं विशेषणही तसंच जड असतं. एका मुलीला मी वर्षभर ‘हुशार’ म्हणत राहिले, आणि दुसऱ्या सत्रात तिने हात वर करणं सोडलं. उत्तर चुकलं तर हुशारी जाणार होती ना! तिला म्हणायला हवं होतं, ‘हे गणित तू दोन रीतींनी सोडवलंस.’

आता तुझ्याबद्दल, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एखादा दिवस असा जाईल की भागाकार कुणालाच कळणार नाही, तू ओरडशील, आणि घरी येऊन म्हणशील, मी शिक्षिका म्हणून नालायक आहे. त्या रात्री वहीत लिही : ‘आज चौथ्या तासाला मी ओरडले. हातचा समजावताना घाई केली.’ अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाने 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिचा गाभा मला हाच वाटतो. कृतीला गुण द्यावेत, पण अख्ख्या माणसाला देऊ नयेत, स्वतःलाही नाही. घाई उद्या सुधारता येते. नालायकपणाचं काय करणार? त्या झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत मीही पुढे कित्येक वर्षं स्वतःला निर्दयी म्हणत राहिले. तोही शेराच होता, आणि त्याने ना त्या मुलाचं भलं झालं ना माझं. ‘मी तीन महिने विचारलं नाही’ एवढं लिहिलं तेव्हा कुठे पुढच्या हंगामात आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी विचारू लागले, घरी लहान कोण आहे, पहाटे किती वाजता उठतोस.

आणि एक लक्षात ठेव. शेरे मारायचे नाहीत म्हणजे अन्याय खपवून घ्यायचा, असं नव्हे. कुणी मुलावर हात उचलला तर मध्ये पड, तक्रार कर. तिथेही क्रियापदच कामाला येतं. ‘ते दुष्ट आहेत’ या तक्रारीवर कुणी काय करणार? अमुक तारखेला, अमुक वेळी, छडीने मारलं, असं लिहिलंस तर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

सोबत दोन वह्या पाठवतेय, एक वर्गाची आणि एक तुझी. दिवाळीपर्यंत दोन्हींत पेन्सिलीनेच लिही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फोन कर. मुलं कशी आहेत ते नको सांगूस, आठवडाभर कोण काय करत होतं तेवढं सांग.