दाताचं इम्प्लांट : स्क्रूच्या खडबडीतपणाचे किती मोजायचे?

सातारा, कराड किंवा सांगली-मिरजेत फिक्स दाताची चौकशी केली, की एकाच दाढेचे तीन भाव ऐकू येतात. त्यातला बराच फरक हाडात बसणाऱ्या टायटॅनियमच्या स्क्रूचा असतो.

हाड कसं धरतं?
स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू गुळगुळीत होते. त्या पद्धतीत स्क्रूवर कॅप, म्हणजे वरचा दात, बसवण्यासाठी खालच्या जबड्यात तीन, वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे. पुढे स्क्रूवर बारीक कणांचा मारा करून तो आम्लात बुडवू लागले. असा स्क्रू चकाकत नाही, राखाडी दिसतो. त्याच्या सूक्ष्म खळग्यांत रक्ताची गुठळी घट्ट चिकटते आणि तिच्या धाग्यांवरून हाडाच्या पेशी थेट धातूपर्यंत पोचतात. हाड चांगलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांत कॅप बसवता येते.

एका दाताचा साधारण खर्च
- देशी किंवा कोरियन स्क्रू, कॅपसह : २० ते ३५ हजार रुपये
- स्विस किंवा स्वीडिश स्क्रू, कॅपसह : ४० ते ७० हजार
- थ्रीडी स्कॅन : दीड ते तीन हजार
- हाड कमी असल्यास हाडाची भर : ५ ते २० हजार

सांगलीचं भारती विद्यापीठ, कराडचं कृष्णा अशा डेंटल कॉलेजांतही चौकशी करा. तिथे खर्च सहसा कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात.

जास्त पैसे कधी द्यावेत?
पाणी चटकन ओढून घेणाऱ्या महाग पृष्ठभागामुळे हाड तीन-चार आठवड्यांत धरू शकतं. हाड मऊ असेल तर त्याचा विचार करा. घाई नसेल तर साधा खडबडीत स्क्रू पुरतो. वाचलेले पैसे स्कॅन आणि नियमित सफाईवर घाला.

पैसे वाया कशाने जातात?
तंबाखू, विडी-सिगारेट, मिश्री आणि आटोक्यात नसलेली साखर. हिरडी खाली सरकून स्क्रू उघडा पडला, की त्याच खळग्यांत जंतू घर करतात आणि ते काढणं फार अवघड जातं.

बिल घेताना
स्क्रू, स्क्रू आणि कॅप यांच्यामधला जोडभाग, कॅप, स्कॅन यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर आठवणीने मागून फाइलला चिकटवा. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी कॅप हलायला लागली आणि डॉक्टर बदललेले असले, तरी नेमका कोणता भाग मागवायचा हे त्या स्टिकरवरूनच कळतं.