संध्याकाळचा चहा आणि होजिचा

इंदूरच्या मराठी घरांत चहाची वेळ ठरलेली असते, संख्या मात्र नाही. सकाळी पोह्यांबरोबर एक, पाहुणा आला की दुसरा, आणि दिवेलागणीच्या सुमारास हक्काचा आणखी एक. झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या वयस्क रुग्णास मी शेवटच्या चहाची वेळ आवर्जून विचारतो. तो चहा सोडा म्हटले की रुग्ण मान डोलावतात आणि घरी जाऊन चहाच घेतात. अलीकडे बंगळुरूला किंवा परदेशी असलेली मुले अशा आई-वडिलांसाठी 'होजिचा' नावाचा जपानी चहा पाठवू लागली आहेत. सोबत निरोप असतो, "यात कॅफिन नसते." हे विधान तपासून घेण्यासारखे आहे.

होजिचा म्हणजे भाजलेला हिरवा चहा. सन १९२० च्या दशकात क्योतो येथे तो रूढ झाला, असे सांगितले जाते. कोवळी पाने उत्तम चहासाठी खुडून घेतल्यावर उरणारी जून पाने व देठ साधारण २०० अंश सेल्सिअसला भाजतात. पाने तपकिरी होतात, तुरटपणा बराच कमी होतो आणि पायराझीन गटातील द्रव्ये तयार होऊन खमंग वास सुटतो. चकलीची भाजणी भाजताना स्वयंपाकघरात जो दरवळ पसरतो, त्याच्याच कुळातला हा वास. भाजण्याने कॅटेचिन घटतात. तेव्हा हिरव्या चहाचे म्हणून जे गुण सांगितले जातात, ते येथे तितके अपेक्षू नयेत.

आता कॅफिन. जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यानुसार १५ ग्रॅम होजिचावर ९० अंशांचे ६५० मिलिलिटर पाणी ओतून अर्ध्या मिनिटाने गाळल्यास दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २० मिलिग्रॅम कॅफिन उतरते. त्याच रीतीने केलेल्या 'बांचा' या न भाजलेल्या जून पानांच्या चहात ते सुमारे १० मिलिग्रॅम भरते. म्हणजे कॅफिन कमी असण्याचे श्रेय भट्टीपेक्षा पानाला अधिक. आपल्या चहाविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे एका पेल्यास ३० ते ६५ मिलिग्रॅम असा अंदाज देतात व दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगतात. होजिचा सौम्य आहे, कॅफिनमुक्त नाही. त्यातून लाटेसाठी अर्क दाट काढावा लागतो, आणि भुकटी वापरली तर पानच पोटात जाते. दोन्हींत कॅफिन वाढते.

घरी करावयाचा असल्यास जपानी पुडाच हवा असे नाही. कांगड्याचा किंवा दार्जिलिंगचा साधा हिरवा चहा चालतो. लिंबू-पुदिन्याचा वास लावलेला नको. मोठी पाने व देठ असतील तर उत्तम. जाड बुडाच्या कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे हलवत भाजावा. रंग भाजलेल्या जिऱ्यासारखा झाला की लगेच ताटात काढावा. कढईत राहिला तर तिच्या उष्णतेने करपतो. काळा होईपर्यंत भाजू नये, कारण कडवटपणा येतो आणि भाजण्यात तयार होणारे अ‍ॅक्रिलामाइडही वाढते.

एका पेल्यास दोन चमचे भाजलेली पाने घेऊन त्यांवर १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतावे, दीड-दोन मिनिटे झाकून ठेवावे व गाळावे. दूध आधी उकळलेले असावे. ते पुन्हा कोमट व गरम यांच्या मध्ये, ६०-६५ अंशांपर्यंत आणून रवीने घुसळावे. ताकाची लहान रवी फेस काढण्यास यंत्राइतकीच कामाची. अर्कावर तितकेच दूध ओतले की लाटे तयार. आपल्या सवयीने पाने दुधात उकळू नयेत, सगळा खमंगपणा सायीखाली दबतो. सराफ्यातील रबडीवर पोसलेल्या जिभेला हे पेय प्रथम फिके वाटेल. पाव चमचा गूळ पुरे, मधुमेहींनी तोही टाळावा.

दोन पथ्ये मात्र सांगितलीच पाहिजेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चहातील टॅनिन अन्नातील लोहाचे शोषण रोखते, आणि भाजल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर हा चहाही वर्ज्य. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी या पेल्याबरोबर कधीही घेऊ नये. दुधातील कॅल्शियमही दोन्हींच्या शोषणात अडथळा आणते.

कॅफिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास निरोगी प्रौढात साधारण पाच तास लागतात, गरोदरपणी त्याहून बरेच अधिक. चार-पाच वाजताच्या चहाऐवजी हा पेला मी निःशंकपणे सुचवतो. रात्री नऊनंतर काही गरम हवेच असेल, तर आपली धने-जिऱ्याची कॉफी बरी. तिच्यात कॅफिन मुळीच नसते. भाजलेली पाने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि दोन आठवड्यांत संपवावीत, पुढे वास उतरतो.