हरिणाची शत्रूस साक्ष

शत्रु जवळ येतांच दुर्बळ प्राण्यानें पळावें किंवा दडून बसावें, हेंच शहाणपणाचें असें आपणां सर्वांस वाटतें. परंतु आफ्रिकेंत टांझानिया देशीं सेरेंगेटी नांवाचें विस्तीर्ण गवताळ मैदान आहे. तेथील थॉमसन जातीच्या लहानशा हरिणाची रीत निराळी आहे. रानकुत्र्यांची टोळी अंगावर येऊं लागली कीं, तें चारही पाय ताठ करून उंच उडी घेतें, व पळतां पळतां पुनः पुनः तसेंच करितें. प्राणसंकटीं वेग असा वायां घालविणें हा वेडेपणा नव्हे काय?

या कोड्यावर इस्रायलचे पक्षिशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांच्या विचारानें प्रकाश पडतो. त्यांनीं १९७५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जी खूण करण्यास खर्च पडतो तीच विश्वासास पात्र ठरते. कारण दुबळ्यास तो खर्च झेपत नाहीं. या दृष्टीनें पाहतां हरिणाची उडी शत्रूसच उद्देशून आहे. 'माझ्या अंगीं एवढें बळ शिल्लक आहे; माझ्या मागें लागून तूं व्यर्थ दमशील,' असा तिचा अर्थ.

यास पुरावा काय? फिट्झगिबन व फॅनशॉ या संशोधकांनीं आपलीं निरीक्षणें १९८८ सालीं प्रसिद्ध केलीं. ज्या हरणांच्या उड्या मंद गतीनें पडत, त्यांच्याच पाठीस रानकुत्रे अधिक लागत. पाठलागांतून जीं सुटलीं, तीं मारल्या गेलेल्यांपेक्षां अधिक वेळ उड्या घेणारीं होतीं. कोरड्या ऋतूंत हरणें अशक्त होतात. तेव्हां त्यांच्या उड्याही कमी होतात. म्हणजे खूण बळाच्या मापानेंच चालते. अशक्त हरिणानें सोंग आणूं म्हटलें, तरी त्याची मंद उडीच त्याचें पितळ उघडें पाडते.

हरिण हा सर्व विचार मनांत आणून उडतें, असें मात्र आमच्या वाचकांनीं समजूं नये. ज्या सशक्त हरणांनीं उड्या घेतल्या तीं वांचलीं व त्यांची संतति वाढली. ज्या कुत्र्यांनीं ती खूण ओळखली त्यांचे निष्फळ श्रम टळले. अशा निवडीनें असंख्य पिढ्यांत ही रीत दोहों पक्षीं दृढ झाली, असें उत्क्रांतिशास्त्र सांगतें. वैर कायम असूनही एका गोष्टींत दोघांचें हित एक आहे: जो पाठलाग व्यर्थ जाणार, तो न व्हावा.

'माझा अभ्यास झाला आहे,' असें म्हणणें कोणासही सोपें असतें. परंतु फळ्यावर गणित सोडवून दाखविणें ज्याचा अभ्यास झाला त्यासच साधतें. हरिणाची उडी ही या दुसऱ्या प्रकारची साक्ष होय.