ग्रुपवरचा अभ्यास : किती खरा, किती फॉरवर्ड?



अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याचं रोहिणखेड (ता. मोताळा) हे माझं गाव. इतिहासात ते १४३७ आणि १५९० च्या लढायांमुळे सापडतं. माझी लढाई मात्र एम-थ्रीशी झाली आणि ती मी हरलो.

पी.एल.मध्ये घरी होतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफचा पाऊस पडत होता. आई विचारायची, "अभ्यास चालू आहे ना रे?" मी म्हणायचो, "हो." खरं म्हणजे फक्त डाऊनलोड चालू होतं! त्यातच लाप्लास ट्रान्सफॉर्मचं एक सोडवलेलं गणित आलं. फंक्शनला 'टी'ने गुणलं की ट्रान्सफॉर्मचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि पुढे वजा चिन्ह लावायचं, हा साधा नियम. त्या उत्तरात वजाच नव्हता. आम्ही सगळ्यांनी ते तसंच पाठ केलं. अशीच आणखी दोन-तीन गणितं निघाली आणि माझा विषय बॅक राहिला. चूक ग्रुपची नव्हती. आमच्यापैकी एकानेही गणित वहीवर सोडवून पाहिलं नाही, ही खरी चूक.

मग सोशल मीडिया वाईट का? मुळीच नाही. आयआयटी आणि आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट मिळतात. खेड्यातल्या मुलालाही आयआयटीचे सर शिकवतात, ही केवढी मोठी गोष्ट! प्रोग्रॅमिंगसाठी २००८ पासून स्टॅक ओव्हरफ्लो आहे. तिथे उत्तरांना मतं पडतात, चुकीचं उत्तर खाली जातं. व्हॉट्सअॅपवर अशी चाळणी नाही. बरोबर आणि चूक दोन्ही सारख्याच वेगाने पळतात.

दुसरा धोका म्हणजे 'वाचलं म्हणजे आलं' हा भ्रम. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. बाकीच्यांनी एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के). पण आठवड्याने चित्र उलटलं : वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे लक्षात घ्या.

मी आता पाळतो ते नियम असे :

१. ग्रुपवर आलेलं गणित आधी न बघता सोडवायचं, मग उत्तर ताडून पाहायचं.

२. नुसतं "कोणाला येतं का?" विचारायचं नाही. आपण कुठपर्यंत आलो आणि कुठे अडलो, त्या पानाचा फोटो टाकायचा.

३. व्हिडिओ मध्येच थांबवून पुढची पायरी स्वतः लिहायची.

४. चूक सापडली तर ग्रुपवर लगेच सांगायची. लाजायचं नाही.

५. महत्त्वाचं ते वहीत उतरवायचं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि पुढे त्यातल्या कम्युनिटीजही गेल्या. वही मात्र आपल्याकडेच राहते.

पुढच्या परीक्षेत एम-थ्री सुटला. ग्रुप तोच होता, मोबाईलही तोच. फरक एवढाच, की या वेळी मोबाईलशेजारी वही आणि पेन होतं. बघा, पटतंय का!