छोटा फ्लॅट, बोहो सजावट : आधी टेप, मग तोरण

व्हिडिओत हिशेब जरा भराभर झाला, म्हणून तो इथं सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. वाचून सोडून देण्याचा हा धडा नाही, सोबत आकडे मांडायचे आहेत.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठंही बघा, अंगण असलेल्या घराशेजारी आता फ्लॅटची इमारत उभी दिसते. फ्लॅट म्हटलं की जागेची ओढाताण आलीच. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतचं धरलं होतं. म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. एवढ्यातच बसणं, झोपणं, स्वयंपाक, संडास-बाथरूम आणि पोरांचा अभ्यास.

अशा घरातली ताई मोबाईलवर फोटो दाखवते आणि म्हणते, "दादा, मला असं बोहो पाहिजे." नवा उद्योजक लगेच उशा, झुंबर आणि मॅक्रमे विकत आणायला धावतो. तिथंच तो फसतो. ताईने मागितली सजावट, पण तिला कमी पडतेय ती जागा. जो आधी जागा मोकळी करून देईल, त्याचंच काम शेजारीण बघेल आणि पुढची ऑर्डर देईल. आजचा धडा एवढाच आहे.

१. बोहो म्हणजे नेमकं काय?

'बोहेमियन' हा शब्द एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये रूढ झाला. बोहेमिया हा आजच्या चेक देशातला प्रदेश. भटके रोमा लोक तिकडून आले असा फ्रान्समध्ये समज होता. पुढे कमी पैशांत, मनासारखं जगणाऱ्या चित्रकार-लेखकांनाही लोक तेच नाव देऊ लागले. गंमत अशी की रोमा लोकांची भाषा आपल्या उत्तर भारतीय भाषांच्या कुळातली आहे.

त्या सजावटीची खूण म्हणजे हाताने केलेलं काम, गडद रंग, आरशांचं भरतकाम, तुकडे जोडून शिवलेलं कापड, बांबू-वेत, झाडं आणि जुन्या-नव्याची सरमिसळ. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. पुसद-दिग्रस भागातल्या तांड्यांवर बंजारा भरतकाम आहे. घरोघरी गोधडी आहे. बुरडांच्या आणि कोलाम बांधवांच्या हातचं बांबूकाम आहे. सागवानासाठी तर जिल्ह्याचं नाव आहेच. ग्राहक जे इंटरनेटवर शोधतो, ते पन्नास किलोमीटरच्या आत तयार होतं. नसतं ते फक्त मापात बसवून देणारं माणूस. ते माणूस तुम्ही व्हा.

२. आधी टेप

समजा हॉल १० बाय १२ फुटांचा आहे, म्हणजे १२० चौरस फूट. नेहमीचं सामान किती जागा खातं ते मांडू.

- तीन जणांचा सोफा, साडेसहा बाय पावणेतीन फूट : सुमारे १८
- दोन सिंगल सोफे : सुमारे १६.५
- मधला टीपॉय : ७
- चार जणांचं डायनिंग टेबल : १०

बेरीज ५१.५ चौरस फूट. खुर्च्या मागे ओढायला लागणारी जागा यात धरलेलीच नाही. आता जागा वाचवणारं सामान मांडा.

- खाली पेटी असलेला दिवाण, ६ बाय अडीच फूट : १५
- एकात एक बसणारे तीन स्टूल : सुमारे सव्वादोन
- भिंतीलगत उंच, अरुंद मांडणी : ३
- भिंतीला लावलेलं घडीचं टेबल : मिटल्यावर जवळजवळ शून्य

बेरीज सुमारे २०. म्हणजे ३१ चौरस फूट जागा मोकळी झाली. ग्राहकाला "सुंदर दिसेल" असं सांगू नका. हा आकडा कागदावर लिहून द्या आणि खडूने फरशीवर आखून दाखवा. फरशीवरची रेघ बघितली की भाव करायची पद्धतच बदलते.

माप घेताना या पाच गोष्टी विसरू नका :

१. दारं-खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात.
२. चालायची वाट. किमान अडीच फूट मोकळी ठेवा.
३. जिना आणि मुख्य दरवाजा. दिवाण फ्लॅटमध्ये शिरेल का? शिरत नसेल तर सुटा करून आत जोडता येईल असा बनवा.
४. भिंत कशाची आहे. चार इंची पार्टिशनच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीला साधा खिळा भार घेत नाही. त्या भिंतीला चालणारा अँकर लावा आणि ड्रिल करण्याआधी वायरिंगचा पाइप कुठून गेलाय ते विचारा.
५. कूलर. हा आपला खास विदर्भाचा मुद्दा आहे. मी स्वतः सुरुवातीला इथंच आपटलो. हिवाळ्यात माप घेतलं, खिडकीजवळ घडीचं टेबल बसवलं. एप्रिलमध्ये त्यांनी कूलर लावला आणि टेबल उघडेचना. पदरच्या खर्चाने ते दुसऱ्या भिंतीवर हलवलं. त्या कामाचा नफा तिथंच गेला. तेव्हापासून वहीत पहिला प्रश्न असतो, "उन्हाळ्यात कूलर कुठं ठेवता?"

३. मग तोरण

जागा मोकळी झाली की सजावट थोडक्यातही उठून दिसते. एकाच भिंतीवर किंवा एकाच कोपऱ्यात जोर द्या. चारही भिंती भरल्या की छोटी खोली आणखी छोटी वाटते.

कापड : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. फोटोतल्यासारखे गालिच्यावर गालिचे आणि जाड पडदे घातले तर ताई आठ दिवसांत सगळं काढून ठेवेल. म्हणून दोन संच सुचवा. उन्हाळ्याला पातळ सुती पडदे आणि साधी चादर, हिवाळ्याला गोधडी आणि भरतकामाच्या उशा. नको असलेला संच दिवाणाच्या पेटीत राहतो. पेटी अशी कामाला येते.

बांबू : बांबूत पिष्ट असतं, म्हणून त्याला भुंगा लागतो. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केलेलाच बांबू घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी दिव्याच्या शेडमधून पिवळी भुकटी पडेल आणि फोन तुम्हाला येईल.

लाकूड : सागवान स्वस्त मिळतंय म्हणून बिनपावतीचं घेऊ नका. परवानाधारक व्यापाऱ्याकडून किंवा वनविभागाच्या लिलावातूनच घ्या. बिल आणि वाहतूक पास जपून ठेवा. जुन्या घराच्या दारा-खिडक्यांचं लाकूडही छान दिसतं, पण कुठून घेतलं त्याची लेखी नोंद ठेवा. बांबूचं थोडं वेगळं आहे. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला.

४. भरतकामाचे पैसे

हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमच्या कामाला 'बोहो' हे नाव ज्या हातांमुळे मिळतं, त्या हातांना किती मिळतं?

एका उशीच्या कव्हरची आरसे-कवड्यांची पट्टी भरायला समजा १० तास लागले आणि तुम्ही १५० रुपये टेकवले. तासाला १५ रुपये झाले. एवढ्यात कोणी दुसऱ्यांदा काम घेणार नाही आणि का घ्यावं? आधी एक नमुना करून घ्या, लागलेले तास लिहा, तासाचा दर दोघांनी बसून ठरवा आणि पट्टी हातात आली की त्याच दिवशी पैसे द्या. ग्राहकाला द्यायच्या चिठ्ठीवर काम करणाऱ्या ताईचं आणि तांड्याचं नाव लिहा, अर्थात त्यांना विचारून. आणि एक विनंती. आजीची जुनी कांचळी किंवा फेट्या विकत घेऊन कापू नका. ती त्या घराची ठेव आहे. नवी पट्टी भरून घ्या.

हे काम किती मोठं होऊ शकतं, त्याचं उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची सांस्कृतिक बैठक झाली, तेव्हा तिथं १,७५५ लंबाणी वस्तूंचं प्रदर्शन भरलं आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. लंबाणी म्हणजे आपले बंजाराच. कला तीच आहे. तिथं बायका एकत्र आल्या, कामाला नाव मिळालं आणि बाजार मिळाला.

५. भाव कसा सांगायचा

पेटीच्या दिवाणाचा हिशेब बघू. बाजारभाव बदलतात. इथले आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही भरा.

- लाकूड-प्लाय : ९,०००
- बिजागऱ्या, स्क्रू, हँडल : १,५००
- फोम : २,५००
- कापड आणि शिलाई : १,५००
- सुतार मिस्त्री, ४ दिवस : ३,६००
- पॉलिश : १,२००
- वाहतूक : ७००

एकूण २०,००० रुपये. नवा माणूस यात दोन हजार घालतो आणि "२२ हजार" सांगून मोकळा होतो. आता राहिलेलं लिहा. माप, चित्र, खरेदी आणि फिटिंगला तुमचे ५ दिवस गेले. दिवसाचे ६०० धरले तरी ३,००० रुपये. नंतरच्या दुरुस्तीसाठी ५ टक्के, म्हणजे १,०००. खरा खर्च २४,००० झाला. म्हणजे २२ हजारांत काम घेतलं की दोन हजार खिशातून गेले, वर लोक म्हणतात धंदा जोरात आहे! २४,००० वर २० टक्के नफा ४,८०० होतो. भाव २८,८०० रुपये सांगायचा.

ग्राहक म्हणेल, "महाग आहे." भाव पाडू नका, काम कमी करा. पॉलिश साधं करा, कापड ग्राहकाचं घ्या, भरतकामाच्या चार उशांऐवजी दोन द्या. काय कमी केलं ते लिहून द्या.

पैसे तीन हप्त्यांत घ्या. मापावर सही होताना ५० टक्के, म्हणजे १४,४००. यात लाकूड, लोखंडी सामान, फोम आणि कापड जवळजवळ निघतं. वस्तू कारखान्यातून निघण्याआधी ४० टक्के, ११,५२०. फिटिंग झाल्यावर उरलेले २,८८०. अशाने तुमचं भांडवल फार अडकत नाही. आधी माल भरून दुकान थाटायची गरज नाही.

६. कागदपत्रं आणि कर्ज

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. कोणी त्याचे पैसे मागितले तर उठून या.

तुम्ही किंवा तुमचे जोडीदार स्वतः हाताने सुतारकाम करत असाल, किंवा टोपल्या-चटया विणत असाल, तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज आहे. अर्ज कॉमन सर्व्हिस सेंटरवर होतो. फक्त डिझाइन आणि विक्री करणाऱ्यासाठी ही योजना नाही. त्याने जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीची चौकशी करावी. ती योजना नव्या उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेल्या युनिटला मिळत नाही. म्हणून काम सुरू करण्याच्या आधीच तिथं जा.

एक मात्र सांगून ठेवतो. योजना आहे म्हणून कर्ज घ्यायचं नसतं. वरच्यासारखा हिशेब तुम्हाला स्वतःच्या हाताने मांडता येत नसेल, तर अजून सही करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःच्या घरातली एक खोली मोजा. सामानाने किती चौरस फूट खाल्ले ते लिहा.
२. त्यातलं काय काढलं, मिटवलं किंवा भिंतीवर नेलं तर किती जागा सुटते, ते खडूने आखा.
३. एका सुताराला, एका बांबूकाम करणाऱ्याला आणि भरतकाम करणाऱ्या एका ताईला भेटा. भाव विचारण्याआधी एका नगाला किती वेळ लागतो ते विचारा.
४. एका वस्तूचा पूर्ण हिशेब मांडा. स्वतःच्या दिवसांचे पैसे त्यात धरलेत ना, ते दोनदा तपासा.

पहिला नमुना स्वतःच्याच घरी उभा करा. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवर उभं राहून काढा. पहिल्या ग्राहकाला दाखवायला ते दोन फोटो आणि सुटलेल्या जागेचा आकडा पुरेसा आहे. टेप खिशात ठेवा, भेटू पुढच्या व्हिडिओत.