घरांतील साठवणयंत्र व त्याची वाढ

गेल्या कांहीं वर्षांत फोटोंच्या आल्बमांची व ध्वनिफितींची जागा पुष्कळ घरांत एका लहानशा पेटीनें घेतली आहे. व्यवहारांत तिला 'नास' असें म्हणतात. तिच्या पोटांत दोन, तीन किंवा चार हार्ड डिस्क असून घरांतील सर्वांचे मोबाइल व संगणक आपापल्या फाइली तींत आणून ठेवितात. पेटी भरत आली म्हणजे मोठ्या डिस्क बसवाव्या लागतात. काम दिसावयास सोपें आहे. परंतु त्यांत आमचें जें नुकसान झालें तें इतरांचें होऊं नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम मापाविषयीं. विकणारे टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यें इतके बाइट धरितात. पुष्कळ संगणक मात्र १०२४ च्या पटीनें मोजतात. त्यामुळें ४ टेराबाइटची डिस्क संगणकाच्या हिशेबीं सुमारें ३.६४ च भरते. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. माल एकच, मापें दोन.

दुसरी गोष्ट अशी कीं, पेटींतील सर्व जागा वापरावयास मिळत नाहीं. १९८८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं अनेक स्वस्त डिस्कांचा एक संच करण्याची पद्धति मांडली. तीस 'रेड' म्हणतात. तिचें मर्म विद्यार्थ्यांनीं पाटीवर करून पाहावें. एका पाटीवर ७ लिहा, दुसरीवर ५, व तिसरीवर त्यांची बेरीज १२. आतां दुसरी पाटी फुटली तरी १२ मधून ७ वजा करतांच हरवलेले ५ परत मिळतात. यंत्र बेरजेऐवजीं सम-विषम पाहतें आणि हा ताळा एकाच डिस्कवर न ठेवतां सर्वांवर वांटून ठेवितें, इतकाच फरक. म्हणून तीन सारख्या डिस्कांच्या अशा संचांत दोहोंइतकी जागा मिळते, तिसरीइतकी ताळ्यांत जाते. आणि डिस्क लहानमोठ्या असल्यास सर्वांत लहान असेल तिच्याच मापानें सर्व धरल्या जातात.

आमच्या पेटींत २ टेराबाइटच्या तीन डिस्क होत्या. म्हणजे उपयोगाची जागा ३.६४, पैकीं ३ भरलेली. वर्षास अर्धा टेराबाइट भर पडे. पांच वर्षांची तरतूद धरली तर ५.५ झाले, व पंचमांश जागा मोकळी असावी या हिशेबानें सुमारें ६.९. तेव्हां ४ टेराबाइटच्या तीन डिस्क घेतल्या, त्यांतून ७.२८ मिळावयाचे होते. हिशेब बरोबर होता. चूक हातून झाली.

डिस्क एकेक करून बदलावयाच्या असतात. एक काढून नवी बसविली कीं यंत्र उरलेल्या दोहोंवरून तिचा मजकूर पुन्हां तयार करतें. सेकंदास १५० मेगाबाइट या वेगानें २ टेराबाइट लिहावयास पावणेचार तास लागतात. प्रत्यक्षांत त्याहून अधिक. तेवढा वेळ संचास कोणताच आधार नसतो. शिवाय तिसरी डिस्क बदलून होईपर्यंत जागा तिळभरही वाढत नाहीं, त्यामुळें मनुष्य उतावीळ होतो. आम्ही तसेच झालों. दुसरी डिस्क भरत असतांना, काम संपलें असें समजून आम्हीं तिसरा खण ओढला. तो लगेच परत बसविला, पण संच मोडला तो मोडलाच.

बाहेरच्या डिस्कवर एक प्रत होती, ती चार महिन्यांपूर्वींची. तीवरून बहुतेक सर्व परत आलें. त्या चार महिन्यांत आजीनें म्हटलेल्या ओव्या मुद्रित केल्या होत्या. त्या आल्या नाहींत, व आतां आजीही नाहीं. ताळा ही प्रत नव्हे, हें आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें.

पुढें सर्व काम नव्यानें केलें. आधीं पूर्ण प्रत घेतली व तींतील दहावीस फाइली उघडून पाहिल्या. प्रत्येक खणावर डिस्कचा क्रमांक लिहिलेली पट्टी चिकटविली. ज्या डिस्कांत लेखनाच्या रेषा कौलांप्रमाणें एकीवर एक चढलेल्या असतात, त्या अशा कामीं फार मंद पडतात. आपली तशी नाहीं ना, हें पाहून घेतलें. मग एका रात्रीं एकच डिस्क बदलावयाची, व यंत्रानें 'संच सुस्थितींत' असें दाखविल्याविना पेटीस हात लावावयाचा नाहीं, असें ठरविलें. तीन रात्रीं लागल्या.

काढलेल्या तीन डिस्कांपैकीं दोहोंवर संग्रहाची आणखी एक प्रत उतरवून त्या आम्हीं साताऱ्यास मावशीच्या कपाटांत ठेविल्या आहेत. मे महिन्याच्या सुटींत तेथें जातों, तेव्हां वर्षाची भर त्यांवर घालून येतों.