गिअरबॉक्सची गळती : आधी जागा शोधा

आम्ही कापडाचे व्यापारी. पण जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळून आहोत. गिअरबॉक्समधून तेल गळू लागले, तेव्हा घाईने मागचे ऑइल सील बदलून घेतले. गळती तशीच! दोष निघाला ड्रेन प्लगच्या झिजलेल्या वॉशरमध्ये. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे सरकते, म्हणून मागचा भाग भिजलेला दिसतो.

तेव्हा आधी गिअरबॉक्स पुसून कोरडा करावा, गाडी थोडी फिरवावी आणि पहिला ओला डाग कोठे उमटतो ते पाहावे. दुरुस्तीनंतर गाडी सपाट जागी ठेवून भरण्याच्या छिद्रापर्यंतच तेल भरावे. तेल कमी राहिल्यास गिअरचे दाते झिजतात व खर्च कैक पटींनी वाढतो.

कारागीर बंधूंनो, आधी निदान, मग सामान! गिऱ्हाइकाच्या भरवशातच धंद्याची बरकत आहे.